शेवट पुसलेली कॅसेट

ही गेल्यानंतर बरेच महिने घरातला टीव्ही बंदच होता. तिच्या मालिका लागायच्या त्या वेळेला मी मुद्दाम बाहेर पडायचो, रत्नागिरीतल्या आमच्या नाचणे भागातून चालत साळवी स्टॉपपर्यंत जायचो, तिथे उगाच रिक्षा स्टँडवर थोडा वेळ उभा राहून दिवेलागणीच्या आत परत यायचो. आखातातल्या कमाईतून कातळावर बांधलेलं घर. बांधलं तेव्हा सगळ्यांना पुरावं म्हणून मोठं बांधलं होतं. आता त्यातल्या अर्ध्या खोल्यांची दारं मी झाडायला तेवढी उघडतो.

दिवाळीला मुलगी पुण्याहून आली. तिने जुना टीव्ही काढून टाकला, भिंतीवर भलामोठा नवा लावून दिला आणि रिमोट माझ्या हातात ठेवत म्हणाली, "बाबा, यात बटणंसुद्धा दाबायला नकोत. नुसतं बोला, तो लावतो."

"काय बोलू?"

"तुम्हाला काय बघायचंय ते."

मला काय बघायचंय हे त्याआधी कुणी विचारलं नव्हतं. माझी उमेदीची वर्षं तिकडे वाळवंटात टँकर चालवण्यात गेली. रजेवर घरी यायचो तेव्हा जे लागलेलं असेल ते सगळ्यांबरोबर बसून बघायचो. मुलगी परत गेली, आणि एका दुपारी मी पुढचं दार लावून घेतलं. शेजाऱ्यांना ऐकू गेलं तर काय म्हणतील याची लाज वाटत होती. रिमोट तोंडाजवळ धरून म्हटलं, "जुना इंग्लिश पिक्चर. गाड्यांचा पाठलाग."

टीव्हीने माझं ऐकलं. पडद्यावर उन्हाने करपलेलं माळरान आलं, लांबवर विजेचे वाकडे खांब, आणि एक मळकी लाल गाडी धूळ उडवत उजवीकडून डावीकडे गेली. तिच्यामागे पोलिसांची गाडी. मग थोडा वेळ नुसती धूळ. मी पाय वर घेऊन बसलो. जेवायचं राहिलं होतं ते विसरलो.

तेव्हापासून माझ्या दुपारी अशाच जायला लागल्या. सकाळी भात आणि एखादं कालवण करून ठेवायचं, अंगणातल्या कलमांना पाणी घालायचं, पेपर वाचायचा, आणि जेवण झालं की टीव्हीसमोर. सत्तर सालानंतरच्या दहाएक वर्षांत तिकडे अमेरिकेत असे पिक्चर ढिगाने निघाले असावेत. फारसे कुणाला माहीत नसलेले, नावंही एकासारखी एक. त्यांच्यात पैसा नसतो हे बघताक्षणी कळतं. गाडी झाडावर आपटायची असते, पण आपटायच्या आधीच तिचा पत्रा चेपलेला दिसतो. चाकाची टोपी एकदा निखळून घरंगळत जाते आणि पुढच्या वळणावर ती पुन्हा जागेवर असते, पुन्हा निखळायला. कच्च्या रस्त्यावर टायर किंचाळतात. मी जन्मभर गाडी चालवली, मातीवर टायर किंचाळलेला ऐकला नाही. एकदा तर कॅमेरावाल्याची सावली गाडीबरोबर धावताना दिसली, टोपीसकट.

मुलगी एका रविवारी फोनवर बघत होती, व्हिडिओ कॉल चालू होता. म्हणाली, "बाबा, तुम्ही हे काय बघता? यात गोष्ट कुठाय?"

मी म्हटलं, "गाड्या खऱ्या आहेत."

ते खरंच होतं, पण तेवढंच नव्हतं. आत्ताच्या पिक्चरांत गाड्या हवेत उडतात, आगीतून निघतात, आणि मला काहीच वाटत नाही. या पिक्चरांत गाडी वळणावर कलते तेव्हा ती खरंच कलते. आत बसलेल्या माणसाचे खांदे ताठतात. कुणीतरी गरीब बिचारा तेवढ्या रोजावर खरोखर ती गाडी खड्ड्यात घालत असतो. आणि रस्त्याच्या कडेला, लांब, त्या गावातले लोक उभे असतात. त्यांना कुणी उभं केलेलं नसतं. शूटिंग आहे म्हणून ते आलेले असतात, डोळ्यांवर हाताची सावली धरून बघत असतात. एक बाई कडेवर मूल घेऊन उभी होती. गाड्या निघून गेल्या तरी ती बघतच होती. तेवढा भाग मी मागे घेऊन पुन्हा पाहिला.

आणखी एक होतं, ते मुलीला सांगण्यासारखं नव्हतं. पळणाऱ्या माणसाच्या मागे सगळा मुलूख लागलेला असतो. तो कुठे आहे हे रेडिओवरून एकमेकांना विचारत असतात. कुणालातरी तो हवा असतो. आमच्या घरी दिवसचे दिवस फाटक वाजत नाही.

मात्र या पिक्चरांशी माझी ओळख नवी नव्हती. मी त्यातला एक शोधत होतो.

तरुणपणी मी आखातात गेलो तेव्हा आमची राहायची सोय शहराबाहेर, पत्र्याच्या लांबलचक खोल्यांत होती. आमच्या खोलीत केरळचे होते, आंध्रचे होते, एक पेशावरकडचा होता, आणि रत्नागिरी जिल्ह्यातले आम्ही दोघे. दुसरा जयगडचा. तो कामगारांची बस चालवायचा, मी पाण्याचा टँकर. त्याच्या डाव्या करंगळीचं वरचं पेर नव्हतं. लहानपणी होडीच्या दोरात सापडून तुटलं होतं. तो नमाज पढायला जायचा तेव्हा मी त्याचा डबा भरून ठेवायचो, आणि मला गणपतीला रजा मिळाली नाही त्या वर्षी त्याने कुठूनसा नारळ पैदा करून आणला. मराठी बोलायला आम्हाला एकमेकांशिवाय कुणी नव्हतं. त्याची मराठी जयगडची, खाडीच्या पाण्यासारखी हेलकावत जाणारी, माझी शहरातली. खोलीतले बाकीचे म्हणायचे, तुम्ही दोघं भांडताय की गाताय?

शुक्रवार सुटीचा. सगळ्यांनी मिळून एक जुना व्हीसीआर घेतला होता. शहरातला एक केरळी दुकानदार वापरून झिजलेल्या कॅसेटी स्वस्तात काढून टाकायचा, त्या आम्ही आणायचो. हिंदी पिक्चर मिळाला तर पेशावरवाला खूश, पण केरळवाले कंटाळायचे. मल्याळी मिळाला तर उलटं. इंग्रजी कुणालाच येत नव्हतं. त्यामुळे गाड्यांच्या पाठलागाचे पिक्चर सगळ्यांचे झाले. त्यात बोलणं थोडं, आणि बोलले तरी काही अडत नाही.

त्यातली एक कॅसेट आमची लाडकी होती. वरचा कागद फाटला होता, सुरुवातीचा भाग नावांसकट कुणीतरी पुसून टाकला होता, त्यामुळे पिक्चरचं नाव कुणालाच माहीत नव्हतं. एक हडकुळा तरुण निळी गाडी घेऊन पळतो. गाडीचं एक दार पांढरं, दुसऱ्याच गाडीचं आणून बसवलेलं. मागे एक जाडा पोलीस अधिकारी. तो का पळतो हे आम्हाला कळत नव्हतं, म्हणून प्रत्येकाने आपापलं ठरवलं होतं. पेशावरवाला म्हणायचा, याने भावाचा बदला घेतलाय. मी म्हणायचो, हा लष्करातून पळालाय. जयगडचा म्हणायचा, "ह्यॅ! तो घरी चाललाय. इतक्या जोरात माणूस फक्त घरीच जातो."

शेवटी निळी गाडी एका नदीकडे सुसाट जाते. समोर पूल, अर्धा मोडलेला. मागून पोलिसांच्या गाड्यांची रांग. गाडी पुलाच्या अलीकडे येते, आणि पडद्यावर एकदम नादस्वर वाजायला लागतं. कुणीतरी त्याच कॅसेटवर केरळातलं एक लग्न उतरवून घेतलं होतं. केळीचे खांब, नवरी, पंगत. पहिल्यांदा आम्ही पोट धरून हसलो. नंतर नंतर लग्न सुरू झालं की सगळे उठायचे. कुणाचे कपडे भिजत असत, कुणाला चहा ठेवायचा असे. गाडी पुलावरून उडून पलीकडे गेली की नदीत पडली, यावर मात्र आठवडाभर वाद चालायचा.

एका शुक्रवारी सकाळी कंपनीच्या माणसाने येऊन जयगडच्याला बाहेर बोलावलं. त्याचे वडील वारले होते. निरोप पोचेपर्यंत दफनही झालं होतं. पासपोर्ट कंपनीकडे. त्याने विचारलं, जाता येईल का? त्या माणसाने विचारलं, आता जाऊन काय करशील? तो आत आला, खाटेवर बसला. आम्ही ठरवलं, आज व्हीसीआर लावायचा नाही. दुपारी तोच उठला, तीच कॅसेट घातली, आणि पुढे पळवत शेवटावर आणली. पडद्याच्या अगदी जवळ जाऊन बसला. गाडी पुलाकडे गेली, लग्न सुरू झालं. आम्ही त्याला एकटं सोडावं म्हणून बाहेर गेलो. मी दारातून डोकावत होतो. कॅसेट मागे गेल्याचा आवाज यायचा, मग पुन्हा गाडीचा, पुन्हा नादस्वर. असं तो संध्याकाळपर्यंत करत होता. मला वाटलं, हा त्या निळ्या गाडीला पुलापलीकडे ढकलतोय.

करार संपल्यावर तो गावी गेला आणि परत आला नाही. मी तिकडेच राहिलो, कंपन्या बदलल्या, केस पांढरे झाले. मधे रजेवर असताना एकदा रत्नागिरीच्या एसटी स्टँडवर तो दिसला. दोघांबरोबर बायका होत्या, पिशव्या होत्या, त्याची गाडी लागलेली होती. "बरा आहेस ना?" "बरा आहे. तू?" एवढंच झालं. जयगड म्हणजे काही परदेश नाही, पण जायचं राहून जातं तसं राहून गेलं.

गेल्या माघात, कलमं मोहोरली होती तेव्हाची गोष्ट. दुपारी मी रोजच्यासारखा रिमोटशी बोललो. टीव्हीने एक पिक्चर लावला. एका गॅरेजचं अंगण, कोंबड्या, आणि एक हडकुळा तरुण पांढरं दार निळ्या गाडीला बसवत होता.

मी उभा राहिलो. उभ्यानेच बघायला लागलो.

सुरुवात मी पहिल्यांदाच बघत होतो. इतक्या वर्षांत इंग्रजी थोडं कळायला लागलं होतं, शिवाय खाली अक्षरं येत होती. त्या जाड्या पोलीस अधिकाऱ्याला ती गाडी आपल्या मेहुण्यासाठी हवी असते. तरुण म्हणतो, देणार नाही. झालं. एवढ्यावरून पुढची सगळी धूळ. बदला नाही, लष्कर नाही, घर तर कुठेच नाही. तो गॅरेजमध्येच राहत असतो. मला जरा ओशाळल्यासारखं झालं, खोलीतल्या सगळ्यांच्या वतीने.

पुढचं सगळं मला पाठ होतं. कुठल्या वळणावर कोंबड्या उडतात, कुठे तो मागे बघून हसतो. नदी दिसायला लागली आणि नेमका फाटकात हॉर्न वाजला. आमच्याकडे मासळी घेऊन येणारी मावशी. ती मिरकरवाड्याहून स्कूटरवर येते, मागे क्रेट बांधलेला.

"काका, बांगडे हायत ताजे! फडफडीत!"

मी हललो नाही. ती खिडकीशी आली. "काका? बरं हाय ना तुमचं?"

"थांब गं जरा. पूल आलाय."

"कंचा पूल?" तिने खिडकीच्या गजांतून आत पाहिलं आणि तीही बघायला लागली.

निळी गाडी पुलाच्या अलीकडे आली. माझ्या कानात नादस्वर वाजायला लागलं, पण पडद्यावर गाडी पुढे जात राहिली. इतक्या वर्षांनी पहिल्यांदा पुढे गेली. आणि हळू झाली. धक्के खात, गचके देत पुलाच्या तोंडाशी थांबली. पेट्रोल संपलं होतं. तरुण उतरला. पांढरं दार त्याने नीट लावून घेतलं, उतारावरून नदीपर्यंत चालत गेला आणि वाकून तोंड धुवायला लागला. वर पोलिसांच्या गाड्या एकेक करून येऊन थांबल्या. जाडा अधिकारी उतरला, काठावर उभा राहिला, आणि खाली बघत राहिला. तरुण तोंड धूतच होता. तिथेच पिक्चर संपला.

"झाला?" मावशीने विचारलं.

"झाला."

"येवढा जीव खाऊन पळाला नि तोंड धुवूक बसला? पकडला की न्हाय मग?"

"काय माहीत. दाखवलंच नाही."

"मेल्यांनी फुकट घालवलान," ती म्हणाली. "बांगडे देऊ ना?"

मी बांगडे घेतले. ती गेली, स्कूटरचा आवाज वळणापाशी विरला, आणि मी पातेलं हातात घेऊन तसाच उभा राहिलो. माझ्या लक्षात आलं होतं. दुसरी गाडी घ्यायची ऐपतच नसेल त्यांची, मग ही नदीत कशी टाकणार? पुलावरून उडवणंही परवडलं नसेल. म्हणून पेट्रोल संपवलं. आम्ही खोलीत इतके वाद घातले, पण हे कुणालाच सुचलं नव्हतं. हे सांगितलं असतं तर खोलीत केवढा दंगा झाला असता! पण सांगायचं कुणाला? पेशावरवाल्याचा पत्ता नाही. केरळवाल्यांची नावंही धड आठवत नाहीत. मी मुलीला फोन लावला. ती मीटिंगमध्ये होती. संध्याकाळी तिने स्वतःहून केला, मी सगळं सांगितलं, तिने शांतपणे ऐकून घेतलं. "अरे वा, छान," म्हणाली. मग विचारलं, "बाबा, गोळ्या वेळेवर घेताय ना?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाडी काढली आणि जयगडला निघालो.

आरे-वाऱ्याच्या रस्त्याने गेलो. समुद्र डावीकडे, पाणी शांत होतं. त्या पिक्चरांत गाडी चालवायला शोभेल असाच तो रस्ता आहे, चढ, उतार, आंधळी वळणं. मी आपला बेताने चाललो होतो. मागून पर्यटकांच्या गाड्या हॉर्न देत पुढे जात होत्या. मनात उजळणी चालली होती, कसं सांगायचं. आधी विचारायचं, काय रे, गाडी पलीकडे गेली असेल की पडली? त्याला बोलू द्यायचं. मग सांगायचं.

जयगडला एका दुकानात त्याचं नाव सांगितलं तर त्या नावाचे तिघे निघाले.

"आखातात होते ते," मी म्हटलं.

दुकानदार हसला. "तिघंपण होते. इथे कोण नव्हतं?"

"करंगळीचं पेर नाही."

"मग तसं सांगा ना! जेटीवर बसलेले असतील आत्ता."

फेरीबोट पलीकडे तवसाळला गेली होती. जयगडच्याच बाजूला, लांबवर, बंदराच्या अवाढव्य क्रेन उभ्या होत्या. जेटीच्या कठड्यावर पांढऱ्या टोपीतला एक म्हातारा खाडीकडे तोंड करून बसला होता. मी समोर जाऊन उभा राहिलो. त्याने डोळे बारीक करून पाहिलं. मोतीबिंदू झाला असावा. मी नाव सांगितलं. त्याने ऐकलं नाही, कानाशी हात नेला. मी मोठ्याने म्हटलं, "टँकरवाला!"

"अरे खुदा!" तो उठला आणि त्याने मला मिठी मारली. बराच वेळ सोडलं नाही. मग माझे दंड चाचपून म्हणाला, "किती सुकलास रे. भाभी काय खायला घालत नाही?"

"ही गेली. तीन वर्षं होतील."

त्याने माझा हात धरला. तसाच धरून मला घरी घेऊन गेला.

त्याचं घर भरलेलं होतं. दोन मुलगे बंदरात कामाला, सुना, नातवंडं, ओट्यावर सुकत घातलेली सुकट. त्याच्या बायकोने, भाभींनी, डोक्यावरचा पदर सावरत विचारलं, "हेच का ते नारळवाले?" म्हणजे त्याने घरी माझ्याविषयी सांगितलं होतं तर. तांदळाची भाकरी आणि कोळंबीचं कालवण झालं. मी किती दिवसांनी चारचौघांत जेवत होतो. शेवटी पोरं पांगली, आम्ही दोघेच ओट्यावर उरलो. मी विषय काढला.

"ती निळी गाडी आठवते? पांढऱ्या दाराची? पुलाकडे जायची?"

"कुठली गाडी?"

"अरे, शुक्रवारची कॅसेट. जिच्यात शेवटी लग्न होतं."

त्याचा चेहरा एकदम उजळला. "लग्न! ते कसं विसरेन?"

"त्या पिक्चरचा शेवट सापडला मला. काल बघितला." ठरवलेलं सगळं बाजूला राहिलं, मी घाईघाईने सांगून टाकलं. पेट्रोल संपतं, तो उतरतो, दार लावतो, नदीवर तोंड धुतो. दुसरी गाडी घ्यायला पैसे नसतील म्हणून, हेही सांगितलं.

त्याने मान हलवली, पाहुण्याचं बोलणं ऐकून घेताना हलवतात तशी. "असं होय," म्हणाला.

मला राहवलं नाही. "अरे, तू त्या दिवशी किती वेळा बघितलास तो पुलाचा भाग! बाबा गेले तुझे, त्या शुक्रवारी."

 अंगणात नातवाचा चेंडू पडला होता, तो त्याच्याकडे बघत होता.

"मी गाडी बघत नव्हतो रे," तो म्हणाला. "मी लग्न बघत होतो. पंगतीच्या टोकाला एक म्हातारा बसलेला. आठवतो? तुम्ही सगळे उठून जायचे, तुम्हाला कुठला आठवायला. तो जेवण उरकतो, पान दुमडतो, आणि मग चपला शोधतो. ढीग असतो चपलांचा. पायाने एकेक चाचपत बघतो, ही माझी, ही नव्हे. माझे बाबा अगदी तस्सेच शोधायचे, मशिदीच्या बाहेर. तसाच कमरेत वाकलेला. सापडल्या की छत्री उचलतो नि चालायला लागतो. मागे वळून बघत नाही. त्याच्यासाठी मी कॅसेट मागे नेत होतो. जरा जास्त मागे जायची, म्हणून तुमची गाडी यायची मधे."

मी अंगणातला चेंडू उचलून ओट्यावर ठेवला.

"पिक्चर काय, मिळतात," तो म्हणाला. "ते लग्न कुठे मिळायचं? कुणाचं होतं तेपण ठाऊक नाही. तो म्हातारापण कधीच गेला असेल."

इतकी वर्षं मी त्याला त्या गाडीत बसवलं होतं, पुलापलीकडे ढकललं होतं. आमच्या दोघांचं काही एक असेल तर ते हेच, असं धरून चाललो होतो. आम्ही शेजारी शेजारी राहून दोन वेगळ्या गोष्टी बघत होतो. वाईट वाटलं का? वाटलं. पण त्याच्या आवाजात तक्रार नव्हती, आणि हे त्याने त्याआधी भाभींनाही सांगितलं नसावं, कारण त्या दारात उभ्या होत्या आणि त्यांनी डोळ्यांना पदर लावला होता.

"राहा आजची रात्र," तो म्हणाला.

"नको. अंधारात मला आता चालवता येत नाही."

"मग तर राहाच."

मी राहिलो नाही. घरी कुणी वाट बघणारं नव्हतं, तरी निघालो. इतक्या माणसांच्या घरात झोपायची सवय मोडली होती. येताना बंदराच्या रस्त्याने आलो, मागून एक ट्रेलर हॉर्नवर हॉर्न देत चिकटला. मी गाडी बाजूला घेतली आणि त्याला जाऊ दिलं. लाल धूळ काचेवर बसली. ती खाली बसेपर्यंत तिथेच थांबलो.

चैत्रात त्याच्या मुलाचा फोन आला. अब्बांना मोतीबिंदू दाखवायला रत्नागिरीत आणायचंय, डॉक्टरांनी दुपारनंतर बोलावलंय, तोवर तुमच्याकडे बसवलं तर चालेल का? मी म्हटलं, विचारायचं काय त्यात. सकाळीच त्या बंद खोल्यांपैकी एक उघडून पुसून घेतली, खाट टाकली. मुलगा त्याला सोडून बाजारातली कामं उरकायला गेला.

जेवण झाल्यावर त्याने विचारलं, "तुझ्या गाड्या लाव बघू."

"तुला दिसणार आहे का?"

"आवाज येईल ना."

त्याला तोही फारसा येत नसणार. मी रिमोटशी बोललो, टीव्हीने एक पिक्चर लावला, आधी न बघितलेला. भुरकट रंगाची गाडी, मक्याची शेतं, मागे पोलीस. तो खुर्चीत पाय पसरून बसला. मी काय चाललंय ते सांगत होतो, आता वळला, आता कुंपण तोडलं, आता टोपी निखळली. तो हूं हूं करत होता. थोड्या वेळाने हूं यायचं थांबलं. पाहिलं तर मान कलली होती, तोंड जरा उघडं, पोटावरचा हात श्वासाबरोबर वरखाली होत होता.

मी आवाज कमी केला. मग वाटलं, एकदम शांत झालं तर जाग येईल, म्हणून थोडा वाढवला. पिक्चर संपला तसा दुसरा आपोआप सुरू झाला. त्याचा मुलगा यायला अजून अवकाश होता. मी तसाच बसून राहिलो आणि पडद्यावरच्या गाड्या धूळ उडवत जात राहिल्या.